कार्ड पाकिटात असताना एटीएममधून पैसे जातात कसे, आणि ते कसे रोखावेत

विचारलेला प्रश्न असा आहे: सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यातून मध्यरात्रीच्या सुमारास दुसऱ्या राज्यातील एटीएममधून दोन वेळा वीस-वीस हजार रुपये काढले गेले. कार्ड त्या वेळी वडिलांच्या पाकिटातच होते, पिन त्यांनी कोणालाही सांगितलेला नव्हता आणि कसला फोन किंवा लिंकही आलेली नव्हती. मग पैसे गेले कसे, ते परत मिळतील का आणि यापुढे काय काळजी घ्यावी? बँकेच्या कार्ड-व्यवहार तक्रार विभागात माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला असल्यामुळे मी थोड्या विस्ताराने उत्तर देतो.

तुमच्या वर्णनावरून कार्डाची नक्कल करून पैसे काढले गेले असावेत, असे मला वाटते. मध्यरात्रीच्या थोडे आधी एक आणि थोडे नंतर एक अशी रक्कम उचलणे ही या टोळ्यांची जुनी पद्धत आहे, कारण रोजच्या रकमेची मर्यादा सहसा रात्री बारानंतर नव्याने मोजली जाते आणि त्यामुळे काही मिनिटांच्या अंतराने दोन दिवसांची रक्कम हाती लागते. शिवाय बँकेचा संदेश येतो तेव्हा खातेदार झोपेत असतो. तरीही निष्कर्ष काढण्यापूर्वी पाकिटातील कार्ड बाहेर काढून त्यावरील नाव आणि शेवटचे चार अंक बँकेच्या संदेशातील अंकांशी जुळवून पाहा. ज्येष्ठ नागरिकांच्या तक्रारींमध्ये पाकिटातील कार्ड त्याच बँकेचे, त्याच रंगाचे, पण भलत्याच माणसाचे निघाल्याची उदाहरणे कितीतरी असतात. तसे असेल तर तो नकलेचा नव्हे, कार्डाच्या अदलाबदलीचा प्रकार ठरतो आणि त्याची हाताळणी वेगळी असते. त्याकडे पुढे येईन.

नकलेसाठी चोराला दोन गोष्टी मिळवाव्या लागतात: कार्डावरील माहिती आणि पिन. कार्डाच्या मागील काळी पट्टी जुन्या कॅसेटच्या फितीसारखी असते. तिच्यावर कार्डाचा क्रमांक, मुदत, तीन अंकी सेवा-संकेत आणि पडताळणीचा एक छोटा आकडा कायमचा नोंदवलेला असतो, आणि ही माहिती कधीच बदलत नसल्यामुळे ती एकदा वाचली की कोऱ्या पट्टीवर जशीच्या तशी उतरवता येते. स्किमर म्हणजे ही माहिती वाचणारे छोटे यंत्र. ते कधी कार्ड घालण्याच्या तोंडावर बसवलेल्या खोट्या आवरणात असते, तर कधी पातळ पत्र्याच्या स्वरूपात थेट खाचेच्या आत सरकवलेले असते. पिन मात्र पट्टीवर नसतो आणि यंत्रातूनही तो सहज चोरता येत नाही, कारण एटीएमचा कीपॅड तुम्ही दाबलेले अंक स्वतःच्या आतच गुप्त रूपात बदलून पुढे पाठवतो. म्हणून पिन मिळवण्यासाठी चोराला तुमची बोटे पाहावी लागतात: लपवलेल्या कॅमेऱ्याने, खऱ्या कीपॅडवर चिकटवलेल्या खोट्या कीपॅडने किंवा मागे उभे राहून नुसत्या डोळ्यांनी.

ऑगस्ट २०१६ मध्ये तिरुवनंतपुरम येथे उघडकीस आलेल्या प्रकरणात ही विभागणी स्पष्ट दिसते. तेथील एका एटीएमच्या खोलीत धूर ओळखणाऱ्या उपकरणासारखी दिसणारी वस्तू बसवलेली होती आणि तिच्यातून ग्राहकांचे पिन टिपले जात होते. माहिती केरळमध्ये चोरली गेली, पैसे मात्र मुंबईतील एटीएममधून काढले गेले, आणि टोळीतील एका रोमानियन नागरिकाला मुंबईतच अटक झाली. चोरीचे ठिकाण एक आणि पैसे काढण्याचे ठिकाण दुसरे, शिवाय या दोन्हींमध्ये बरेच दिवस गेलेले, असे या गुन्ह्याचे नेहमीचे रूप असते. म्हणून वडिलांनी शेवटी वापरलेल्या एटीएमवरच संशय घेऊन थांबू नका. गेल्या काही महिन्यांत त्यांनी कार्ड जेथे जेथे घातले किंवा पेट्रोल पंपावर, दुकानात, औषधालयात स्वाइप केले, त्या सर्व ठिकाणांची पासबुकावरून यादी करा. गावातील आणखी दोघातिघांचे पैसे असेच गेले असतील, तर सर्वांच्या याद्यांमध्ये समान असलेले ठिकाण शोधा. बँकांचे फसवणूक-तपास विभागही याच रीतीने काम करतात, आणि अशी माहिती तक्रारीला जोडलेली असेल तर तिचे वजन वाढते.

आता साहजिकच पुढचा प्रश्न येतो, की सर्व कार्डांवर चिप आलेली असताना पट्टीची नक्कल चालतेच कशी? चिप प्रत्येक व्यवहारासाठी नवा गुप्त संकेत तयार करते आणि तो तयार करण्याची किल्ली चिपच्या बाहेर कधीच येत नाही, त्यामुळे चिप आणि यंत्र यांच्यातील देवाणघेवाण कोणी मध्येच टिपली तरी ती पुढच्या व्यवहारात निरुपयोगी ठरते. खाचेत शिरवलेली शिमर नावाची पातळ पट्टी नेमके हेच टिपते, परंतु तिच्या माहितीवरून चिप बनवता येत नाही. ती माहिती चुंबकीय पट्टीवर उतरवली तरी चिपमधील पडताळणीचा आकडा पट्टीवरील आकड्याहून मुद्दाम वेगळा ठेवलेला असल्याने, बँकेने तो तपासला तर नक्कल पकडली जाते. सेवा-संकेताचेही तसेच आहे. त्याचा पहिला अंक २ किंवा ६ असेल तर कार्डावर चिप आहे हे यंत्राला कळते. चोराने तो बदलला तर पडताळणीचा आकडा जुळत नाही, कारण तो आकडा कार्डाचा क्रमांक, मुदत आणि सेवा-संकेत या तिन्हींवरून काढलेला असतो.

व्यवस्था अशी चोख असली तरी कार्डामागील पट्टी अजून गेलेली नाही. जगातील काही ठिकाणी अजूनही पट्टीच वाचली जाते म्हणून ती ठेवावी लागते. मास्टरकार्डने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या वेळापत्रकानुसारही त्यांची कार्डे पूर्णपणे पट्टीमुक्त व्हायला २०३३ उजाडणार आहे. चिप खराब असेल तर पट्टीवरून व्यवहार पूर्ण करण्याची एक सवलत यंत्रणेत पूर्वीपासून आहे, आणि चोर याच सवलतीचा आधार घेतो: नकली कार्डावर मेलेली चिप असते, यंत्र ती वाचू शकत नाही आणि पट्टीकडे वळते. असा व्यवहार नाकारायचा की मंजूर करायचा हे कार्ड देणाऱ्या बँकेच्या हाती असते. चिपच्या कार्डावर पट्टीने झालेला एटीएम व्यवहार मंजूर करणाऱ्या बँकेने त्याचा भार खातेदारावर टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नियामकाने आपल्याकडे या बाबतीत बरेच केले आहे. केवळ पट्टी असलेली जुनी कार्डे ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत चिपच्या कार्डांनी बदलण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता, आणि जून २०१८ च्या परिपत्रकाने एटीएमवर स्किमिंगविरोधी उपकरण बसवण्यासाठी मार्च २०१९ ची मुदत दिली होती. कार्ड घालण्याच्या तोंडाशी दिसणारे हिरवट, पारदर्शक, फुगीर आवरण अनेकदा याच कामासाठी असते. ग्राहक मात्र नेमके तेच पाहून घाबरतात आणि सपाट तोंडाचे यंत्र सुरक्षित समजतात.

यंत्र तपासण्याबद्दल मी सहसा दिल्या जाणाऱ्या सल्ल्याहून थोडे वेगळे सांगतो. कार्ड घालण्यापूर्वी तोंडावरील आवरण अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून हलकेच हलवून पाहावे. खरे आवरण यंत्राला आतून जोडलेले असते आणि हलत नाही, तर दुहेरी चिकटपट्टीने लावलेले आवरण किंचित सरकते किंवा कडेला डिंकाचा चकाकणारा थर दिसतो. कीपॅडच्या बटणांकडे तिरक्या नजरेने पाहावे. खोटा कीपॅड खऱ्याच्या वर बसवलेला असल्याने आजूबाजूच्या पत्र्यापेक्षा वर आलेला असतो, आणि त्याची बटणे दाबल्यावर नेहमीपेक्षा मऊ किंवा अडखळती लागतात. कीपॅडच्या वरच्या पट्टीत, दिव्याच्या झाकणात किंवा बाजूला लावलेल्या पत्रकांच्या डबीत टाचणीच्या टोकाएवढे छिद्र आहे का, तेही पाहावे. एवढे सगळे अर्ध्या मिनिटात होते आणि ते करावेच. पण त्यावर विसंबू नये. खाचेच्या आत बसवलेला स्किमर बाहेरून कोणालाही दिसत नाही, रोज रोख भरायला येणाऱ्या कर्मचाऱ्यालाही नाही. ‘मी यंत्र नीट पाहिले होते’ असे सांगणारे, चांगले शिकलेले ग्राहकही माझ्यासमोर तक्रार घेऊन बसलेले असत.

कार्डावरील माहिती वाचली जाणे तुमच्या हातात नाही, पिन दिसू न देणे मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे. पिन हाती लागला नाही तर नकली कार्ड एटीएममध्ये कुचकामी ठरते. म्हणून कोणत्याही एटीएमवर, स्वतःच्या बँकेच्या, ओळखीच्या, पहारेकरी असलेल्या एटीएमवरही, आणि खोलीत दुसरे कोणी नसतानाही पिन झाकल्याशिवाय दाबू नये. झाकण्याची पद्धतही बरोबर हवी. अनेक जण नुसते खांद्याने आडोसा करतात. त्याने मागच्या माणसापासून बचाव होतो, वरच्या कॅमेऱ्यापासून होत नाही. उजव्या हाताने पिन दाबताना डाव्या हाताचा पंजा कीपॅडच्या वर आडवा, बोटे जुळवून आणि यंत्राच्या अंगाला टेकवून धरावा, म्हणजे वरून आणि समोरून बटणे दिसणार नाहीत. पाकीट किंवा पासबुक धरले तर आणखी चांगले. पहिला अंक दाबण्यापूर्वी हात तेथे हवा आणि शेवटचा अंक दाबून होईपर्यंत तो हलू नये. वडिलांच्या वयाच्या माणसांना बटणे नीट दिसत नाहीत, म्हणून ती हात बाजूला घेतात. कीपॅडवरील ५ या अंकावर उंचवटा असतो आणि त्यावरून बाकीचे अंक न पाहता सापडतात; हे त्यांना एकदा घरी कागदावर आकृती काढून शिकवा, सवय लवकर होते.

खोट्या कीपॅडपुढे हात झाकण्याचा उपयोग होत नाही, हे खरे आहे. परंतु खोटा कीपॅड महाग, प्रत्येक यंत्रासाठी वेगळा बनवावा लागणारा आणि तुलनेने लवकर लक्षात येणारा असतो. छोटा कॅमेरा स्वस्त असतो आणि कोठेही चिकटवता येतो. म्हणूनच चोरांचा कल कॅमेऱ्याकडे राहिला आहे. उरलेल्या धोक्यासाठी पिन वेळोवेळी बदलणे हा उपाय आहे, कारण माहिती चोरणे आणि ती वापरणे यांमध्ये अनेकदा बरेच दिवस जातात आणि तोवर पिन बदललेला असेल तर हाती लागलेला सर्व माल वाया जातो. प्रवासात, यात्रेत किंवा अनोळखी गावी एटीएम वापरले असेल तर परतल्यावर पिन बदलण्याचा नियमच करावा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणाऱ्या दोन उपायांचा येथेच निकाल लावतो. व्यवहारापूर्वी ‘कॅन्सल’ बटण दोनदा दाबले की पिन चोरीला जात नाही, हा संदेश खोटा आहे. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयानेही तो खोटा असल्याचे जाहीर केले आहे. पिन उलट्या क्रमाने दाबला की पोलिसांना सूचना जाते, हेही तितकेच निराधार आहे. उलटा पिन म्हणजे फक्त चुकीचा पिन, आणि तो वारंवार दाबला तर कार्ड बंद पडते.

आता कार्डाच्या अदलाबदलीबद्दल. ग्रामीण आणि निमशहरी भागातील ज्येष्ठांच्या बाबतीत मला हा धोका स्किमिंगपेक्षा मोठा वाटतो, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. निवृत्तिवेतन जमा होण्याच्या दिवसांत एटीएमपाशी रांग असते; एखाद्या आजोबांचा व्यवहार अडखळतो, मागचा माणूस ‘काका, थांबा, मी करून देतो’ म्हणत पुढे येतो, कार्ड हातात घेतो, पिन दाबताना बाजूला उभा राहतो आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे सांगून त्याच बँकेचे दुसरे कार्ड परत देतो. आजोबा घरी पोहोचण्याआधी जवळच्या दुसऱ्या एटीएमवर पैसे काढले गेलेले असतात. दुसरा प्रकार खाचेत डिंक किंवा पट्टी घालून कार्ड अडकवण्याचा आहे. त्यात यंत्राजवळ ‘मदतीसाठी संपर्क’ म्हणून खोटा मोबाईल क्रमांक चिकटवलेला असतो, आणि तेथे फोन केला की पिन विचारला जातो किंवा ‘उद्या शाखेतून कार्ड घेऊन जा’ असे सांगून ग्राहकाला परत पाठवले जाते. म्हणून कार्ड दुसऱ्याच्या हातात देऊ नये, परत घेताना त्यावरील नाव वाचावे आणि कार्ड अडकले तर तेथून हलण्यापूर्वी, कार्डाच्या मागे छापलेल्या किंवा आधीच फोनमध्ये जतन केलेल्या बँकेच्या क्रमांकावरून ते बंद करून घ्यावे. सर्व ज्येष्ठांच्या कार्डांवर मी एक छोटी रंगीत चिकटपट्टी लावायला सांगतो, चिप आणि पट्टी सोडून. अदलाबदल लगेच कळते.

यानंतर येतात कार्डाच्या सेटिंग्ज, आणि येथे बहुतेक लोक हाती असलेले संरक्षण वापरतच नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकामुळे नवे कार्ड केवळ देशांतर्गत एटीएम आणि दुकानांतील यंत्रांसाठी सुरू करून दिले जाते, आणि परदेशातील, ऑनलाइन व स्पर्शाविना होणारे व्यवहार खातेदाराने स्वतः सुरू करावे लागतात. याच परिपत्रकामुळे प्रत्येक प्रकारचा व्यवहार केव्हाही बंद-चालू करण्याची आणि त्याची मर्यादा ठरवण्याची सोय बँकेच्या अ‍ॅपमध्ये, नेटबँकिंगवर किंवा एटीएमवर असते. वडिलांना महिन्याला पंधरा हजार काढायचे असतील तर एटीएमची रोजची मर्यादा चाळीस हजार ठेवण्याचे काहीच कारण नाही. ती पाच हजारांवर आणून ठेवावी. भारतीय स्टेट बँकेने ऑक्टोबर २०१८ अखेरपासून आपल्या क्लासिक आणि माएस्ट्रो डेबिट कार्डांची रोजची मर्यादा चाळीस हजारांवरून वीस हजारांवर आणली, त्यामागेही वाढत्या फसवणुकीचेच कारण होते. अ‍ॅप वापरता येत असेल तर पैसे काढायचे नसतील तेव्हा एटीएम वापरच बंद ठेवता येतो. तुमच्या प्रकरणात मर्यादा पाच हजारांची असती, तर त्या रात्री गेलेली रक्कम चाळीस नव्हे, दहा हजार असती.

स्टेट बँकेनेच जानेवारी २०२० पासून रात्री आणि सप्टेंबर २०२० पासून दिवसभर, दहा हजार व त्याहून अधिक रकमेसाठी आपल्या एटीएमवर ओटीपी बंधनकारक केला. नकलेवरचा तो चांगला उतारा आहे, परंतु तो स्टेट बँकेचे कार्ड स्टेट बँकेच्याच एटीएमवर वापरताना लागू होतो, इतर बँकांच्या एटीएमवर नाही, आणि चोराला हे माहीत असते. यूपीआयने रोख काढण्याचा मार्ग याहून बरा आहे. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ मध्ये सर्व बँकांना ही सोय देण्याची मुभा दिली. यंत्राच्या पडद्यावर आलेला क्यूआर कोड फोनने वाचायचा आणि यूपीआय पिन फोनवरच टाकायचा, म्हणजे कार्ड खाचेत जातच नाही आणि नक्कल करायला काही उरत नाही. सर्व यंत्रांवर ती नसते, पण जेथे असेल तेथे कार्डाऐवजी तीच वापरावी. फोनवरील पिन मात्र तेवढाच झाकून टाकावा.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. तेथे पेट्रोल पंपावर चालकाने स्वतःच कार्ड घालायची पद्धत आहे आणि पंपांवरील यंत्रे चिपकडे वळायला सर्वांत उशीर झाला, त्यामुळे स्किमर बसवण्याचे ते आवडते ठिकाण राहिले आहे. तेथे डेबिट कार्ड न घालता क्रेडिट कार्ड टेकवून पैसे द्यावेत किंवा आत जाऊन काउंटरवर द्यावेत. परत आल्यावर परदेशी वापर बंद करायला विसरू नये.

काही हल्ल्यांपुढे खातेदाराची कोणतीही दक्षता चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर झालेल्या हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले आणि २८ देशांतील एटीएममधून नकली कार्डांनी पैसे काढले गेले, पण तेथे कोणत्याही खातेदाराचा पिन कॅमेऱ्यात टिपलेला नव्हता. व्यवहारांना मंजुरी देणारी यंत्रणाच हल्लेखोरांनी बाजूला सारून खोटी मंजुरी दिली होती. खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नसल्याचे बँकेने तेव्हाच स्पष्ट केले होते. अशा बातमीमुळे घाबरून कार्ड मोडून टाकण्यात अर्थ नाही.

आता तुमचे पैसे. कार्ड तत्काळ बंद करा, १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर आणि सायबर गुन्ह्यांच्या केंद्रीय संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि बँकेला लेखी कळवा. हे सर्व त्याच दिवशी करा, कारण येथे दिवस मोजले जातात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेचा दोष असेल तर खातेदाराची जबाबदारी शून्य असते. दोष बँकेचाही नाही आणि खातेदाराचाही नाही, अशा तिसऱ्याच ठिकाणच्या चोरीत बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तरी ती शून्यच असते. संदेश मिळाल्याचा दिवस त्यात धरला जात नाही आणि कामकाजाचे दिवस मूळ शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे मोजले जातात. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्यात जास्तीत जास्त दहा हजार आणि मूलभूत बचत खात्यात पाच हजार रुपयांपर्यंतचा भार खातेदारावर येतो. सात दिवसांनंतर बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेले धोरण लागू होते. सहकारी बँकांसाठी असेच परिपत्रक डिसेंबर २०१७ मध्ये निघाले. नियमांत वेळोवेळी सुधारणा होत असतात, म्हणून आपल्या बँकेचे सध्याचे धोरण शाखेतून लेखी मागून घ्यावे. पतसंस्था मात्र बँक नव्हे आणि हे संरक्षण तेथे गृहीत धरू नये.

कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादातील रक्कम बँकेने तात्पुरती खात्यात जमा करावी आणि नव्वद दिवसांत तक्रारीचा निकाल लावावा, असे हेच परिपत्रक सांगते. खातेदाराची चूक होती हे सिद्ध करण्याचा भारही त्याने बँकेवरच टाकला आहे. प्रत्यक्षात मात्र अनेकदा दोन ओळींचे उत्तर येते, की व्यवहार योग्य पिन वापरून यशस्वी झाला असल्याने तो खातेदाराने किंवा त्याच्या संमतीने केला आहे. हे उत्तर वाचून लोक खचतात आणि गप्प बसतात. पण योग्य पिन वापरला जाणे हे तर स्किमिंगचे लक्षणच आहे. त्यावरून खातेदाराची चूक सिद्ध होत नाही.

अशा वेळी बँकेकडे नेमकी एक गोष्ट लेखी मागावी: वादातील व्यवहारात कार्ड चिपवरून वाचले गेले की पट्टीवरून. प्रत्येक व्यवहाराच्या नोंदीत ‘एन्ट्री मोड’ नावाचा रकाना असतो. त्यात सर्वसाधारणपणे ०५ म्हणजे चिप, ९० म्हणजे पट्टी आणि ८० म्हणजे चिप वाचता न आल्याने पट्टीकडे वळलेला व्यवहार. चिपच्या कार्डासाठी ९० किंवा ८० दिसले तर तुमची बाजू फारच भक्कम होते, कारण खरे कार्ड वडिलांच्या पाकिटात आणि नकली पट्टी दुसऱ्या राज्यात, याचा तो बँकेच्याच दप्तरातील पुरावा असतो. ०५ असेल तर खरे कार्डच वापरले गेले असा अर्थ होतो, आणि मग अदलाबदल, किंवा सांगायला नको वाटले तरी घरातील किंवा ओळखीची व्यक्ती, या दिशेने पाहावे लागते. शाखेतील कर्मचाऱ्याला हा रकाना माहीत नसण्याची शक्यता आहे. अर्जात तो नावानिशी लिहा आणि अर्ज मुख्यालयातील एटीएम विभागाकडे पाठवण्याची विनंती करा.

याच अर्जात दोन्ही व्यवहारांचे संदर्भ क्रमांक, यंत्राचा क्रमांक, यंत्राच्या अंतर्गत नोंदवहीचा उतारा आणि पैसे काढले त्या ठिकाणचे सीसीटीव्ही चित्रण जतन करण्याची मागणी करा. चित्रण ठरावीक काळानंतर पुसले जाते, त्यामुळे ही मागणी पहिल्याच पत्रात असावी आणि तिची प्रत पोलिसांनाही द्यावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी (दुसऱ्याची ओळख, पासवर्ड वगैरे चोरून वापरणे) आणि ६६डी (संगणकीय साधनाने तोतयेगिरी करून फसवणे) यांचा उल्लेख तक्रारीत करता येतो. त्या रात्री वडील गावातच होते हे दाखवणारे काही असेल तर ते जोडा: दवाखान्याची पावती, दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेत केलेली सही, काहीही. जुने कार्ड कापून टाकू नका. दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवा, आणि बँकेने ते परत मागितले तर जमा केल्याची पोच घ्या. फोनवर तक्रार केली असेल तर तक्रार क्रमांक, तारीख आणि वेळ टिपून ठेवा, कारण तीन दिवसांचा हिशेब पुढे याच नोंदीवर ठरतो.

तीस दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन किंवा टपालाने विनाशुल्क तक्रार करता येते. वकील लागत नाही. तेथे बँकेला दिलेल्या मूळ तक्रारीची पोच जोडावी लागते, आणि ती नसल्यामुळे चांगली प्रकरणेही अडकलेली मी पाहिली आहेत. म्हणून शाखेत अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शाखेने नकार दिला तर तोच अर्ज त्याच दिवशी नोंदणीकृत टपालाने आणि ई-मेलने पाठवा.